सहावं पाणी

एक वाजता जेवणाची घंटा झाली. दहाच मिनिटांत पत्र्याच्या मंडपातले सगळे हात थांबले. आरडाओरड नाही, ताटं आपटणं नाही. एकेक जण उठला, उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तशीच ठेवून ताट बाकाच्या कडेला सरकवलं आणि नळाकडे चूळ भरायला गेला. नळापाशी रांग लागली. मी मुदपाकखान्याच्या दारात उभा राहून बघत होतो, आणि काय घडतंय ते मला कळत नव्हतं.

सगळ्यात शेवटी उठले ते रोलर चालवणारे म्झे. म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. तिथे वयानं मोठ्या पुरुषाला याच नावानं हाक मारतात. ते माझ्यासमोर येऊन थांबले आणि हळू आवाजात स्वाहिलीत म्हणाले, "लेओ तुमेकुला म्चांगा." आज आम्ही वाळू खाल्ली.

ही 2016 सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. टांझानियात, म्वान्झा शहरातून मुसोमाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर मी मेस सांभाळत होतो. व्हिक्टोरिया सरोवराचं स्पेक आखात कॅम्पापासून जवळ होतं. नव्वद माणसांचं दोन वेळचं जेवण, किराणा, पाणी, गॅस, कोळसा, सगळं माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा मांस, बाकीचे दिवस राजमा आणि पालेभाजी. मुख्य आचारी गावाला मयतीला गेला होता आणि हाताखाली दोन तरुण पोरं तेवढी उरली होती. रोजच्या राजम्याला लोक कंटाळले होते, म्हणून मी ठरवलं, आज डगा करू.

डगा म्हणजे सरोवरातले बोटाएवढे चंदेरी मासे. केनियात त्यांना ओमेना म्हणतात, युगांडात मुकेने. ताजे कमी आणि सुकवलेलेच जास्त खपतात. काळोख्या रात्री मच्छीमार दिवे घेऊन सरोवरात जातात. पूर्वी पंपाच्या रॉकेलच्या बत्त्या असत, त्यांना करबाई म्हणतात. आता बॅटरीवरचे दिवेही आले आहेत. उजेडाला मासा गोळा होतो आणि जाळ्यात येतो. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात दिव्याची ओढ राहत नाही, मग होड्या काठावरच असतात. अमावास्येला आमच्या कॅम्पाच्या टेकाडावरून पाहिलं की पाण्यावर एक लांबलचक गाव वसल्यासारखं दिसायचं. मी हर्णैच्या बाजूचा. समुद्रातले होड्यांचे दिवे बघत मोठा झालो, तरी इतके दिवे एका ओळीत मी कधी पाहिले नव्हते.

चुकीचं मूळही त्या हर्णैतच होतं. सुकट, जवळा, सोडे, बोंबील हे आमच्या घरचं रोजचं. पावसाळ्यात ताजी मासळी बंद झाली की आई जवळा तव्यावर भाजायची, पाण्यातून झटकन काढून पिळायची, आणि कांदा, मिरची, हळद, दोन आमसुलं घालून पंधरा मिनिटांत कालवण पुढ्यात. सुकी मासळी मला कोणी शिकवायला नको, असं मी धरून चाललो होतो. बाजारातून बारा किलो डगा आणला, निम्मा त्या दुपारसाठी. दर चांगला लागला म्हणून खूशही होतो. पोरांना सांगितलं, दोन पाण्यांतून काढा आणि चाळणीवर ओता. त्यांतला एक म्हणाला, "बॉसी, यात वाळू आहे." मी म्हटलं, दोन पाणी पुरे. तो पुढे काही बोलला नाही. त्याचं ते गप्प होणं मला आजही आठवतं.

दर चांगला का होता हेही नंतर कळलं. रात्री पकडलेला मासा पहाटे किनाऱ्यावर आणतात आणि उन्हात पसरतात. कडक ऊन असलं की एक-दोन दिवसांत वाळतो. बऱ्याच ठिकाणी तो थेट वाळूवर पसरलेला असतो. नोव्हेंबरात तिथे वुली, म्हणजे छोटा पावसाळा. अर्धवट वाळलेल्या माशावर सर आली की ओल्या अंगाला वाळू चिकटते, वर पुन्हा ऊन पडलं की ती तिथेच घट्ट बसते, कल्ल्यांत आणि पोटाखालच्या चिरेत. असा माल स्वस्तात निघतो, त्यातला कितीतरी कोंबड्यांच्या खाद्याला जातो. मी तो माणसांसाठी आणला होता.

म्झे गेले आणि मी पातेल्यातला एक मासा तोंडात टाकला. दाढेखाली करकर झाली. मीठही कमी होतं. जवळा समुद्रातला, त्याच्या अंगात खारटपणा असतो, त्या अंदाजानं मी मीठ घातलं होतं. हा गोड्या पाण्यातला मासा, मीठ न लावता वाळवलेला. खारट म्हणावा असा कणही त्यात नव्हता.

आमच्या फाटकाशी एक बाई सकाळी लापशी आणि चपात्या विकायला बसायची. अशा बाईला तिथे मामा लिशे म्हणतात, म्हणजे खाऊ घालणारी आई. आपल्याकडे मामा आईचा भाऊ, तिकडे मामा म्हणजे आईच. काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. पहिले दोन-तीन महिने मी या तीन शब्दांत अडखळत होतो. त्या दिवशी अडखळलो नाही. पातेलं तसंच सोडून फाटकाशी गेलो, "शिकामो, मामा," म्हटलं आणि झालेलं सगळं सांगितलं. तिनं "मराहाबा" म्हणून नमस्कार घेतला, मला पुरतं बोलू दिलं आणि एकच विचारलं, "डोकी काढलीस?"

नव्हती काढली.

तिनं टोपली आवरली, मुलीला बरोबर घेतलं आणि आत आली. गोणीत हात कोपरापर्यंत घातला, तळातली मूठ बाहेर काढली, हुंगली, तळहातावर पसरली. "हे वाळूवरचे," ती म्हणाली, "पण कुजलेले नाहीत. वाचतील." गोणीतले अजून सहा किलो वापरायचे होते. दुपारी शिजवलेलं मी टाकायला सांगितलं. नव्वद माणसांचं अन्न खड्ड्यात गेलं, आणि ते जाताना मी तिथे उभा राहिलो.

मग आम्ही बसलो. ती, तिची मुलगी, दोन पोरं आणि मी, बुटक्या स्टुलांवर गोल करून. एका हाताच्या दोन बोटांत धड धरायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं डोकं मागे मोडून खाली ओढायचं. डोक्याबरोबर पोटातला काळा धागा अख्खा बाहेर येतो. कडवटपणा त्या धाग्यात असतो. मोडलं आणि ओढलं नाही तर धागा आतच तुटतो आणि कडवट मासा परडीत जातो. सहा किलोंत काही हजार मासे. मामाची बोटं बघता बघता पाच मासे उरकायची तेवढ्यात माझा एक व्हायचा. पहिल्या तासात मी निम्मे चुरले. तिनं माझ्या परडीतले चुरलेले मासे काढून वेगळे ठेवले आणि बोलली नाही. दुसऱ्या तासाला चुरा कमी झाला.

सगळी घरं डोकी काढत नाहीत, हे तिनंच सांगितलं. मासा स्वच्छ असेल, रॅकवर वाळवलेला असेल, तर अख्खा खातात. लहान मुलांना तर अख्खाच कुटून पेजेत घालतात, हाडं बळकट होतात म्हणून. वाळूतला असेल तर मात्र डोकं काढलंच पाहिजे, कारण सर्वांत जास्त वाळू कल्ल्यांत. बांबूच्या किंवा जाळीच्या उंच मांडवाला ते किचांजा म्हणतात. त्यावर वाळवलेला डगा महाग पडतो आणि त्याला गिऱ्हाईकही लांबून येतं.

डोकी झाली आणि धुणं सुरू झालं. स्वयंपाकातला हाच भाग मला कधी स्वयंपाक वाटला नव्हता.

पहिलं पाणी गरम, हात जेमतेम सोसेल इतकं. त्यात मासे सोडून तिनं पाच मिनिटं झाकले. वाळलेली कातडी सैल झाली की चिकटलेली वाळू सुटते. गार पाण्यात ती सुटतच नाही. मग दोन्ही हातांनी मासे हलके चोळले, घुसळले नाहीत. हे झाल्यावर मी सवयीनं घमेलं उचलायला गेलो, चाळणीवर ओतायला. तिनं माझं मनगट धरलं.

"वाळू खाली बसते, मासा वर राहतो," ती म्हणाली. "तू दोघांना पुन्हा एकत्र करतोस."

दुपारी नेमकं हेच झालं होतं. घमेलं उपडं केलं की आधी मासे चाळणीत पडतात आणि तळाची वाळू शेवटी त्यांच्याच डोक्यावर ओतली जाते. दोन पाणी नाही, वीस पाण्यांनी धुतलं असतं तरी प्रत्येक वेळी मी ती वाळू परत घातली असती. तिनं ओंजळीनं मासे वरच्यावर उचलले आणि शेजारच्या स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात ठेवले. मागे तळाला तपकिरी रेतीचा थर, बोट उमटेल इतका. मी तो बोटानं चाचपला. हे मी माणसांच्या ताटात वाढलं होतं.

दुसरं पाणी, तिसरं, चौथं. दर वेळी मासे बाहेर काढल्यावर ती तळावरून हात फिरवायची. चौथ्यालाही हाताला खर लागली. पाचव्यात मला काही लागलं नाही; तिला लागलं. सहाव्या पाण्यानंतर तिनं माझा हात घेऊन घमेल्याच्या तळावर फिरवला. गुळगुळीत. कॅम्पात पाणी टँकरनं येत होतं आणि त्याचा हिशेब माझ्याकडेच होता, पण त्या दिवशी मी टाकीकडे पाहिलं नाही.

धुतलेला मासा पत्र्यावर कापड घालून पसरला. चार वाजले होते. तिकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून चारला "सा कुमी", दहा वाजले, असं म्हणतात. ऊन अजून होतं. पाऊण तासात वरचं पाणी सुकलं. ओला मासा तेलात टाकला तर तो उकडतो आणि तुटतो, तळला जात नाही.

तेल सूर्यफुलाचं, कोळशाची मोठी चूल, तिच्यावर सुफुरिया, म्हणजे कड्या नसलेलं त्यांचं पातेलं. मूठ-मूठ टाकून तळायचं, एकदम नाही. मी घड्याळ बघत होतो, ती ऐकत होती. सुरुवातीला तेल चरचरतं, मग आवाज बसत जातो, आणि झाऱ्यावर मासे हलवले की सुक्या शेंगांसारखे खुळखुळतात. खुळखुळले की काढायचे. त्या तळलेल्यातला एक तिनं मला दिला, वर लिंबू पिळून. कुरकुरला, पण दाढेखाली करकरला नाही. त्यात सरोवराचा वास होता, आणि नंतर एक गोडसर चव, जी आमच्या जवळ्याला नाही.

उरलेल्या तेलात कांदा लालसर, लसूण, भरपूर टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. ढोबळी मिरची. मग खलबत्त्यात कुटलेले भाजके शेंगदाणे पाण्यात कालवून ओतले. दाण्याचं कूट बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. तिकडे शेंगदाण्याला करांगा म्हणतात. समुद्रकिनाऱ्याकडच्या भागात या जागी नारळाचं दूध पडतं, आतल्या भागात दाणे. मी हळदीचा डबा पुढे केला. तिनं हुंगून पाहिला आणि चिमूटभर घातली, माझ्या मनासाठी असेल. आमसूल मात्र परत दिलं. लिंबू हवं, म्हणाली. मीठ तिनं माझ्यापेक्षा दुप्पट घातलं. मासे सगळ्यात शेवटी, चूल मंद करून, जेमतेम पाच मिनिटं. जास्त ठेवले तर दुपारभराची मेहनत लगद्यात जाते.

दोन्ही पोरं उगालीला भिडली. उकळत्या पाण्यात साल न काढलेल्या मक्याचं पीठ घालून ती लाकडी म्विकोनं घोटत होती, घट्ट होईस्तोवर, आळीपाळीनं, घाम पुसत. दुपारी ज्यानं मला वाळूचं सांगितलं होतं, त्याच्याजवळ जाऊन मी म्हटलं, तू बरोबर होतास, मी ऐकायला हवं होतं. तो म्हणाला, "हाकुना शिदा, बॉसी." काही हरकत नाही. हरकत होती, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सात वाजता लोक आले. डगा आहे हे वासानंच कळलं आणि मंडपात शांतता पसरली. मी उभा राहून जेवढी स्वाहिली येत होती तेवढ्यात बोललो, दुपारची चूक माझी होती, पोरांची नव्हती. मग वाढायला लागलो. म्झे सगळ्यांच्या आधी बसले. उगालीचा गोळा बोटांत घेतला, अंगठ्यानं खळगा केला, त्यात दोन-तीन मासे आणि रस्सा घेऊन तोंडात टाकला. त्यांनी मुद्दाम सावकाश चावलं. मग दुसरा घास घेतला. तो दुसरा घास दिसला आणि बाकीचे हात ताटात गेले.

जेवण झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बालपण काठावरच्याच गावात गेलेलं. ते म्हणाले, आम्ही गरिबीत डगा खाल्ला, रोज खाल्ला, पण आमच्या आईनं कधी वाळूचा वाढला नाही. दिवसभर ही गोष्ट माझ्या मनात धड उमटली नव्हती. मला वाटत होतं, मी त्यांना बेचव जेवण दिलं. त्यांना वाटलं होतं, मी त्यांना काय समजतो ते ताटात वाढून दाखवलं.

मामानं मजुरी घेतली, आणि काढलेल्या डोक्यांची पिशवीही; घरी कोंबड्या होत्या. निघताना म्हणाली, पुढच्या काळोखात माल घ्यायला जाशील तेव्हा मला सांग.

तीन आठवड्यांनी आम्ही म्वान्झातल्या किरुंबाच्या म्वालोनी बाजारात गेलो. सरोवराच्या काठाला लागून गोण्यांचे डोंगर. इथला डगा शेजारच्या देशांतही जातो, ट्रक भरत होते. माप डेब्यानं, म्हणजे आपला वीस लिटरचा डबा. शब्दही आपल्याकडूनच तिकडे गेलेला. पहिल्या व्यापाऱ्यानं वरचा चकचकीत माल दाखवला. मामानं तिकडे पाहिलं नाही. हात गोणीच्या तळापर्यंत घातला, दोन मासे काढले, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतःच्या दाढेखाली धरला. मीही धरला.

"वाळू," मी म्हटलं.

व्यापारी काहीतरी समजावू लागला. ती तोवर तिसऱ्या गोणीपाशी पोचली होती.