प्रिन्स्टनचा पत्ता, शाळा भलत्याच गावाची: सेंट्रल जर्सीत घर शोधणाऱ्यांसाठी

घराच्या पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ आहे म्हणून मूल प्रिन्स्टनच्या शाळेत जाईल, असं न्यू जर्सीत समजू नका. ब्रोकर सांगेल, जाहिरातीत छापलेलं असेल, ऑफिसातली माणसंही छातीठोकपणे सांगतील. तरीही समजू नका. शाळा ठरते टाउनशिपवरून (आपल्याकडची बिल्डरची टाउनशिप नव्हे, स्वतःचा स्थानिक कारभार असलेलं गाव). पत्त्यातलं गाव पोस्टाच्या सोयीचं असतं. या एका गोष्टीपायी आमचे हजारो डॉलर जाता जाता वाचले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बदली पुण्याहून झाली, ऑफिस रूट १ या हमरस्त्यावर. मुलगी सहावीत जाणारी, मुलगा पाच वर्षांचा. मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून जुलैत आम्ही दोघं पुढे आलो, ते घर आणि शाळा एकदम ठरवायला. तुम्हाला उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय आहे, व्हिसाची कामं उरकली आहेत आणि रणरणत्या उन्हात दिवसभर घरं बघत फिरायची ताकद आहे, असं धरून पुढचं लिहिलंय.

न्यू जर्सीत ५६४ गावं-टाउनशिप आहेत आणि शाळांची डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं, सहाशेच्या आसपास. पुण्यात फी भरली की कोथरूडचं मूल व्हॅनने बाणेरच्या शाळेत जातं. इथे सरकारी शाळा फुकट, पण तुम्ही राहता त्याच डिस्ट्रिक्टची. ०८५४० हा पिनकोड प्रिन्स्टनचा म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात तो वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स या टाउनशिपच्या काही भागांतही चालतो. कॅनाल पॉइंट बुलेवार्डवरच्या घरांचा पत्ता प्रिन्स्टन, टाउनशिप वेस्ट विंडसर. प्रिन्स्टन वॉक नावाची मोठी वसाहत साउथ ब्रन्सविकमध्ये. प्रिन्स्टन जंक्शन वेस्ट विंडसरमध्ये. आणि क्रॅनबरीचं उलटंच: गाव वेगळं, आठवीपर्यंत शाळा स्वतःची, पण नववीपासून मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. ईस्ट विंडसर आणि वेस्ट विंडसर नावाने सख्खी भावंडं वाटतात, पण डिस्ट्रिक्ट पूर्ण वेगळी. बेल मीड पत्त्याची काही घरं मॉन्टगोमेरीत, काही हिल्सबरोत. केंडल पार्कजवळ रूट २७ च्या एका बाजूला साउथ ब्रन्सविक, समोरच्या बाजूला फ्रँकलिन टाउनशिप. काउंटीसुद्धा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाही, बदलते.

आम्हाला यातलं काहीही कुणी सांगितलं नव्हतं. ब्रोकर मराठीच होता. फोनवर म्हणाला, ‘ताई, प्रिन्स्टनचा पत्ता आहे, शाळेची काळजीच सोडा.’ टाउनहाउस चांगलं होतं, मागे झाडं होती, भाडं मात्र आसपासच्या तशाच घरांपेक्षा बरंच जास्त. कारण विचारलं तर उत्तर एकच, ‘डिस्ट्रिक्टचे पैसे आहेत हे.’ लीजचे कागद क्लबहाउसमध्ये बसून भरायचे होते. नवरा पेन शोधत होता आणि मी सूचनाफलक वाचत उभी होते. पोहण्याच्या तलावाचे नियम, हरवलेल्या मांजराचा फोटो आणि त्याखाली मुलांच्या उन्हाळी वाचनाचं पत्रक, साउथ ब्रन्सविक पब्लिक लायब्ररीचं. प्रिन्स्टनमधल्या वसाहतीत शेजारच्या टाउनशिपच्या लायब्ररीचं पत्रक कशाला लावतील? मी ब्रोकरला विचारलं. तो म्हणाला, ‘ते लायब्ररीपुरतं असतं.’

बाहेर येऊन प्रिन्स्टनच्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी घर क्रमांक आणि रस्ता विचारला आणि क्षणात सांगितलं, हा पत्ता आमच्याकडे येत नाही, साउथ ब्रन्सविकला विचारा. सभ्य बाई, स्वच्छ उत्तर. ब्रोकरला हे सांगितल्यावर त्याने आवाजही बदलला नाही. ‘शाळा तीही चांगलीच आहे ना ताई.’ चांगली आहेच. पण मग दुसऱ्या शाळेच्या नावाने भाडं कशाला?

तेव्हा हे कराच: घर आवडलं की एक डॉलरही देण्याआधी, घर क्रमांकासकट पूर्ण पत्ता घेऊन डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला फोन करा आणि मग तोच प्रश्न ईमेलने विचारून लेखी उत्तर मागा. लेखी यासाठी की नुसतं डिस्ट्रिक्ट कळून भागत नाही, त्या पत्त्याला कोणती प्राथमिक शाळा आणि कोणतं हायस्कूल लागू आहे तेही हवं. एडिसनमध्ये दोन हायस्कूल, जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या जोड-डिस्ट्रिक्टमध्येही दोन, नॉर्थ आणि साउथ. घरांच्या साइटवर दिसणाऱ्या शाळांच्या नावांवर विसंबू नका. घरमालकाला प्रॉपर्टी टॅक्सचं बिल दाखवायला सांगा, त्यावर टाउनशिपचं नाव असतं आणि टॅक्सच्या कागदावर कोणी थापा मारत नाही. हा टॅक्स म्हणजे इथल्या शाळांचा मुख्य खुराक. २०२४ मध्ये न्यू जर्सीत दर घरामागे या टॅक्सची सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली. भाड्याने राहिलात तरी तो भाड्यातून तुम्हीच भरता. म्हणून भाडं ज्या शाळेचं, तीच शाळा मिळते का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्याच ब्रोकरने क्रेडिट हिस्ट्री (इथल्या कर्जफेडीची नोंद) नाही म्हणून तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं होतं, वर स्वतःचं एक महिन्याचं कमिशन. न्यू जर्सीच्या कायद्यात सिक्युरिटी डिपॉझिटची कमाल मर्यादा दीड महिन्याचं भाडं आहे, आणि ते पैसे व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावे लागतात. नवीन आलेल्या माणसाला हे माहीत नसतं, यावरच हा धंदा चालतो. कोणी जास्त मागितलं तर कायद्याचं नाव घ्या आणि तिथून उठा. ऑफर लेटर आणि बँकेतले पैसे दाखवून दीड महिन्यावर घर देणारे भरपूर आहेत.

रूट १ बद्दल एकच सांगते, त्यावर रोजचा प्रवास ठरवण्याआधी सकाळी आठला तो एकदा चालवून बघा. अलेक्झांडर रोडपासून वर रिज रोडपर्यंतचा पट्टा गर्दीच्या वेळी अंत पाहतो. बऱ्याच ठिकाणी डावीकडे वळायचं असेल तर उजवीकडच्या फाट्याने बाहेर पडून वळसा घ्यावा लागतो, इथे त्याला जगहँडल म्हणतात, आणि एक चुकलं की पुढच्यापर्यंत जाऊन परत या. नकाशावर शाळा आणि ऑफिस जवळ दिसतात, पण मध्ये रूट १ ओलांडायचा असेल तर त्या अंतराला काही अर्थ नाही. न्यूयॉर्कला रोज जाणाऱ्यांनी प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंग परमिटची रांग आधी तपासावी, ती लांब असू शकते.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचं नाव प्रत्येक मराठी घरात ऐकलं. शाळा खरोखर उत्तम आहेत. पण तिथे जाण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. २०१५ मध्ये तिथले सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. आदल्या वर्षी १२० मुलांना मानसिक तपासणीची शिफारस करावी लागली आणि ४० जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं, असं सांगून त्यांनी अभ्यासाचा ताण कमी करायचं ठरवलं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, काही दिवस गृहपाठाविना ठेवले. पालकांत उभी फूट पडली आणि आपली बरीच मंडळी ताण कमी करण्याच्या विरोधात होती. मला हे वाचून बरं वाटलं नाही. आमची मुलगी आधीच मार्कांवरून रात्री जागणारी. तिला स्वभावाने शांत शाळा हवी होती, आणि माझं मत स्पष्ट आहे: ज्या मुलाला स्पर्धा मानवते त्याला तिथे न्या, नाहीतर आग्रह धरू नका.

दहापैकी गुण देणाऱ्या साइटवरचे आकडे आम्ही बघायचे सोडून दिले. तिथल्या गुणांवर परीक्षेच्या निकालाचा मोठा प्रभाव असतो, आणि निकाल बराचसा पालकांच्या उत्पन्नावर आणि ट्यूशनवर हलतो. त्यापेक्षा राज्याच्या शिक्षण खात्याचा प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. त्यात वर्षभरात मुलं किती पुढे सरकली हे दाखवणारा ग्रोथचा आकडा असतो. गैरहजेरीचं प्रमाणही असतं. त्या दोन गोष्टींवरून मला जास्त कळलं.

हिल्सबरो आणि मॉन्टगोमेरी बघितले ते दिवस छान गेले. हिरवंगार, माणसं चांगली, ऑफिस लांब.

शेवटी घर घेतलं ते साउथ ब्रन्सविकमध्येच, मनमथ जंक्शनच्या पत्त्याचं. म्हणजे शाळा त्या ‘प्रिन्स्टन’वाल्या घराला मिळाली असती त्याच डिस्ट्रिक्टची आणि भाडं कितीतरी कमी. मालकीण तेलुगू, पहिल्याच भेटीत म्हणाल्या, ‘पत्ता साधा आहे, शाळा चांगली आहे, बस दाराशी येते.’ तिन्ही खरं निघालं! सही करून बाहेर पडलो तेव्हा इतका आनंद झाला की तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला, तिकडे पहाटेचे तीन वाजले होते हे लक्षातही आलं नाही.

बसचंही आधी विचारा. आठवीपर्यंत शाळा दोन मैलांपेक्षा लांब आणि नववीपासून अडीच मैलांपेक्षा लांब असेल तरच बस देणं राज्यात बंधनकारक आहे. त्याच्या आतल्या घरांना काही डिस्ट्रिक्ट बस देतात, काही देत नाहीत, काही पैसे घेतात. नोकरी करणाऱ्या दोघांसाठी दीड मैलावरचं घर अडीच मैलांवरच्या घरापेक्षा जास्त त्रासाचं ठरू शकतं. लहान मुलांचं किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचं वर्ष) अर्धा दिवस की पूर्ण दिवस, हेही डिस्ट्रिक्टवर अवलंबून असतं. आणि प्रवेशासाठी मुलाचं वय बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरला किती ते धरतात, पुण्यातली इयत्ता बघत नाहीत.

लसींचे कागद भारतातून निघण्याआधीच नीट करा, इथे येऊन धावपळ होते. गोवरची लस पहिल्या वाढदिवसानंतरची असेल तरच इथे मोजतात, आणि असे दोन डोस लागतात. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेला डोस इथे शून्य. आमच्या मुलाचे कागदावर दोन डोस होते, पण पहिला नवव्या महिन्यातला. पुण्यातल्या डॉक्टरांनी निघण्याआधी आणखी एक दिला म्हणून निभावलं. सहावीत जाणाऱ्या मुलांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस लागते, यातली दुसरी आपल्याकडे सहसा दिलेली नसते. बीसीजी घेतलेल्या मुलांची टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी चालेल का ते शाळेच्या नर्सला विचारा. आणि डॉक्टरांना तारखेतला महिना अक्षरात लिहायला सांगा. ०५/०८ म्हणजे आपला ऑगस्ट, पण इथे तो मे वाचतात.

रजिस्ट्रेशनला लीज, विजेचं किंवा इंटरनेटचं बिल, जन्मदाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं पुरतात. मुलांचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा व्हिसा दाखवायची सक्ती शाळा करू शकत नाही. घरात कोणती भाषा बोलता या फॉर्मवर खुशाल मराठी लिहा. मग मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी घेतात, आमच्या दोघांचीही झाली, त्यात काही कमीपणा नाही. राहण्याच्या पुराव्यावरून नकार आलाच तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे २१ दिवसांत अपील करता येतं आणि तोवर मूल शाळेत बसू शकतं. नकार तोंडी स्वीकारू नका, पत्र मागा. अपिलाचे दिवस पत्राच्या तारखेपासून मोजतात.