पट्ट्या खिडकीला टांगून निवडलेलं फिनिश

रत्नागिरीतल्या मिऱ्यावर, समुद्राला लागून राहणाऱ्या माणसाने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा रंग मोबाईलवर फोटो बघून ठरवू नये. फोटोतली कॅबिनेटं एसीच्या खोलीत असतात. माझं पडवीला लागून असलेल्या खोलीत आहे, खिडकी पश्चिमेला, आणि बंधाऱ्यापलीकडे समुद्र. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, आंब्याच्या सीझनला पेट्यांची लेबलं करते. मशीन दिवसभर चालू, म्हणजे पंखे दिवसभर खारी हवा आत ओढतायत.

जुन्या टॉवरचा कंपनीचा काळा रंग सपाट पत्र्यावर अजून शाबूत होता. गंज धरला तो पुढच्या जाळीच्या भोकांना आणि पत्र्याच्या कापलेल्या कडांना. त्याचं कारण सरळ आहे. असल्या कॅबिनेटचा पत्रा बहुतेक वेळा आधीच जस्ताचा मुलामा दिलेला असतो, मुलामा काही मायक्रॉनचाच, आणि भोकं नंतर पाडतात. भोकाच्या कडेला उघडं लोखंड राहतं. वर रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजतात, ते पावडर कोटिंग. ही पावडर भट्टीत वितळते तेव्हा धारदार कडेवरून मागे सरकते, त्यामुळे जिथे गरज जास्त तिथेच थर पातळ. मग मीठ. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी ओढून घेतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर साधारण ३३ टक्क्यांनाच. म्हणजे जानेवारीतल्या कोरड्या दुपारीसुद्धा पत्र्यावरचा खारट थर पूर्ण सुकतोच असं नाही.

त्यातच भावाने वरच्या पत्र्याला १४० मिलिमीटरच्या दोन पंख्यांसाठी मोठी भोकं कापली आणि हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेट ड्रिल करून काढून टाकला. आता उघड्या कडा आणखी वाढल्या. पावडर कोटिंगला पर्याय नव्हता; स्प्रेच्या डब्यातला रंग इथे पावसाळाभर टिकलेला मी पाहिलेला नाही.

मिरजोळे एमआयडीसीत एक काका स्लायडिंग खिडक्यांच्या फ्रेमा आणि इलेक्ट्रिक पॅनेलचे बॉक्स कोट करतात. मी रंगपट्टी मागितली तर म्हणाले, "ताई, पट्टीत दोनशे रंग आहेत. माझ्याकडे आज गनमध्ये कुठला आहे ते विचारा." गन म्हणजे पावडर फवारायची बंदूक. रंग बदलायचा म्हणजे गन, हॉपर, नळी, बूथ सगळं हवा मारून साफ करायचं, नाहीतर पांढऱ्यावर काळे ठिपके पडतात. पावडर वीस-पंचवीस किलोच्या खोक्यात येते आणि माझ्या कॅबिनेटला किलोभरही लागणार नव्हती. तेव्हा किरकोळ गिऱ्हाइकाने हट्टाचा रंग धरण्यात अर्थ नाही. दुकानात रोज चालतो तो रंग घ्यावा. त्याची भट्टीची वेळ त्यांच्या हातात बसलेली असते.

फिनिश मात्र मला डोळ्यांनी पाहून घ्यायचं होतं. कॅबिनेटच्या मागे ग्राफिक्स कार्डाच्या जागी ज्या लोखंडी पट्ट्या असतात ना, रिकामे स्लॉट झाकायच्या, त्या मी काकांना देऊन ठेवल्या. ज्या दिवशी जे काम चालू असेल त्यात एक पट्टी हुकाला अडकवायची, एवढंच मागणं. अशा जमल्या: ग्लॉसी पांढरी, मॅट काळी, पॅनेलवर मारतात ती करड्या टेक्श्चरची, कुणाच्या तरी तिजोरीबरोबर निघालेली हॅमरटोन (हातोडीने ठोकल्यासारखी दिसणारी), आणि एक सेमी-ग्लॉस, खाली झिंकवाला इपॉक्सी प्रायमर मारलेली. प्रत्येकीवर कटरने पत्र्यापर्यंत फुली मारली आणि समुद्राकडच्या खिडकीच्या गजाला तारेने बांधून ठेवली. आईने पाहुण्यांना सांगितलं, मुलीने पाखरं हाकलायला लावलंय.

मॅट काळी सगळ्यांत आधी मनातून उतरली. दिसायला देखणी, पण मिठाचे पांढरट ओघळ तिच्यावरच उठून दिसतात आणि पुसायला जावं तर जिथे घासलं तिथे चकाकी येते. टेक्श्चरने मला चकवलं. दुकानात तीच सगळ्यांत दणकट वाटते. वेल्डिंगचे डाग, घासल्याच्या खुणा सगळं झाकते. पण तिचे उंचवटे जाड आणि मधले खळगे पातळ असतात. त्या खळग्यांत बारीक तांबडे ठिपके उमटले, फुलीपासून लांब, धड सपाट जागेवर. शिवाय तिथली धूळ ओल्या फडक्याने निघत नाही, ब्रश लागतो. शहरात टेक्श्चर खुशाल घ्या. इथे घ्यायचीच तर खाली प्रायमर हवाच. हॅमरटोन मला आवडत नाही, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ग्लॉसी पुसायला सगळ्यांत सोपी, पण पातळ पत्र्यावर बोटाएवढा पोचा असेल तर तो लांबून दिसतो.

फुलीपाशी मात्र फिनिशचा फरक जवळजवळ नव्हताच. बिनप्रायमरच्या चारही पट्ट्यांवर गंज फुलीतून आत कोटिंगखाली सरकला होता, नखाने पापुद्रा उचलता येत होता. प्रायमरवालीची फुली तांबूस झाली होती, एवढंच. निर्णय तिथेच झाला: खाली झिंक प्रायमर, वर सेमी-ग्लॉस.

रंगावरून बाबांची सूचना होती, "जांभ्याच्या रंगाचं कर, गंज आला तरी कोणाला कळायचा नाही." रंगपट्टीत आरएएल (रंगांचे ठरलेले नंबर) ३००९ हा ऑक्साइड रेड अगदी तसा आहेही. पण मला गंज कळायलाच हवा. म्हणून आतला सांगाडा आरएएल ७०३५, पॅनेलचा फिका करडा. त्यावर पहिला तांबडा ठिपका, मुंग्यांची रांग, पालीचे उद्योग, सगळं टॉर्चशिवाय दिसतं. ती पावडर इपॉक्सी-पॉलिएस्टरची. ऊन सोसत नाही, पण कॅबिनेटच्या आत ऊन कुठलं? बाजूचे पत्रे ७०१६, हल्ली खिडक्यांना चालतो तो गडद करडा. ती शुद्ध पॉलिएस्टर आहे, पश्चिमेच्या उन्हाला चालते.

द्यायच्या आधी काच, प्लॅस्टिकचा पुढचा भाग, रबरी पाय, बटणाच्या वायरी सगळं काढलं. भट्टी १८० ते २०० अंशांची असते. जुना रंग सँड ब्लास्टिंगने काढू नका म्हटलं, पाऊण मिलिमीटरचा पत्रा वाकतो. आणि ॲसिडच्या टाकीत बुडवू नका, उरलंसुरलं जस्त जाईल. जिथे गंज आहे तिथे हाताने घासा आणि मग फॉस्फेटिंग करा, म्हणजे रंग धरायला फॉस्फेटचा पातळ थर. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि "तुम्हीच या कामाला," म्हणाले.

मास्किंग मात्र मी त्यांच्याकडे बसून स्वतःच केलं. मदरबोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट, म्हणजे स्टँडऑफ, बसतात ती आट्यांची भोकं सिलिकॉनच्या बुचांनी बंद केली. पॉवर सप्लायची मागची बैठक, मागच्या पोर्टांची चौकट आणि कार्डांचे स्क्रू जिथे टेकतात ती कड, यांवर भट्टीत टिकणारी हिरवी टेप लावली. कोटिंग वीज वाहू देत नाही, आणि या जागा उघड्या नसतील तर अर्थिंगचा पत्ता नाही. बाजूचा पत्रा सरकतो त्या खाचांनाही टेप लावली, कारण दोन थर मिळून जाडी शंभर मायक्रॉनच्या पुढे जाते आणि पत्रा अडकतो. उघड्या ठेवलेल्या जागांवर आता व्हॅसलिनचा हात फिरवते.

काम दिवाळीनंतर केलं. पावसाळ्यात पावडरच्या गुठळ्या होतात, कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं, आणि काका तेव्हा किरकोळ कामं घेतही नाहीत. आल्यावर पॉवर सप्लायच्या बैठकीपासून मागच्या चौकटीपर्यंत मल्टिमीटर लावला, बीप वाजला, म्हणजे वीज वाहतेय, मग जोडणी केली.

पुढची लोखंडी जाळी कोट केलीच नाही. एवढ्या भोकांच्या कडा कुठलाही प्रायमर सांभाळणार नाही. तिच्या जागी नायलॉनची जाळी ताणून लावली आहे, दर रविवारी नळाखाली धुते.