आमची वाटचाल : बसणाऱ्याचं माप

आमचं वर्कशॉप पुण्यात धायरीला आहे. त्याआधी आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शेड भवानी पेठेत, टिंबर मार्केटजवळ, तिथं ते लोखंडी कॉट, स्टँड आणि मेन म्हणजे शाळेचे बेंच बनवायचे. भाडं झेपेना तेव्हा इकडं आलो. मला वेल्डिंग येत नाही हे आधीच सांगते, मी बीकॉम. टेंडर भरणं, बिलं काढणं आणि अडकलेल्या पेमेंटसाठी संस्थांच्या ऑफिसबाहेर बसून राहणं हे माझं डिपार्टमेंट, आणि त्या बसून राहण्यात मी इतके बेंच बघितलेत की बास.

आप्पांचं माप एकच. सीट १८ इंच, डेस्क ३०. पहिलीला तेच आणि दहावीलाही तेच. कारण साधं होतं, पाइप २० फुटी येतो, जिग (वेल्डिंगला तुकडे जागेवर धरणारा साचा) एकच, कटिंग एकदाच लावायचं, तुकडा कमीत कमी वाया गेला पाहिजे. म्हणजे माप पाइप बघून ठरायचं, पोरांचे पाय बघून नाही. यात आप्पांची चूक आहे असं मी म्हणणार नाही कारण ऑर्डर देणाऱ्यानंही कधी विचारलं नाही. ते विचारायचे गॅरंटी किती वर्षं, आणि उभं राहिलं तर मोडणार नाही ना. हो, उभं. बाकावर उभं राहायची शिक्षा आपण सगळ्यांनीच बघितलीय (मी सातवीत दोनदा, गणिताच्या तासाला) आणि आमच्या मिस्त्रींची फायनल टेस्टच ती होती, पावडर कोटिंगला पाठवायच्या आधी बेंचवर चढून दोन उड्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आलं, मुलांना मारायचं नाही, मानसिक त्रासही द्यायचा नाही, तरी त्यानंतर तीन-चार वर्षांनी एका मुख्याध्यापकांनी मला सरळ विचारलं होतं, मॅडम, उभं केलं तर वेल्डिंग टिकेल ना. टिकेल, मी म्हणाले. ऑर्डर पाहिजे होती.

मग २०१४. एका हॉस्पिटलची वेटिंग बेंचची ऑर्डर आली, ४० नग, तीन सीटचे. अट एकच, दोन सीटच्या मध्ये दांडा पाहिजे. का, तर पेशंटचे नातेवाईक रात्री आडवे होतात आणि ते बरं दिसत नाही. आम्ही दिला दांडा, डिझाइन मीच फायनल केलं, वर दांड्याचा रेट वेगळा लावला. पुढच्या पावसाळ्यात आप्पांना स्ट्रोक आला आणि योगायोग म्हणा काही म्हणा, त्यांना नेलं त्याच हॉस्पिटलात. आयसीयूबाहेर मी आणि आई नऊ रात्री होतो. आईची कंबर आधीच गेलेली, तिला नुसतं तासभर आडवं व्हायचं होतं आणि मध्ये माझा दांडा. शेवटी फरशीवर पेपर, त्यावर चादर. शेजारी इंदापूरकडचं एक कुटुंब होतं, त्यातल्या आजी बेंचखाली डोकं घालून झोपायच्या, ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यावर येत नाही म्हणून. तिसऱ्या रात्री मी त्या दांड्याखालचं वेल्ड बघत बसले होते, आमच्याच मिस्त्रींचा हात, तो ओळखू येतो. आईला मी सांगितलं नाही की हे काम आपलंय. तिला बहुतेक माहीत होतं.

आप्पा वाचले. पण घरी आल्यावर खुर्चीतून उठताना हाताला आधार लागायला लागला, तेव्हा परत लक्षात आलं की दांडा काही वाईट नसतो, कडेला असला की उठवतो आणि मध्ये आला की झोपू देत नाही.

त्यानंतर लगेच धंदा बदलला वगैरे काही नाही, बदलायला पैसे लागतात. सिंहगड रोडवरच्या एका छोट्या शाळेच्या बाई भेटल्या म्हणून गाडी हलली. त्यांनी कोटेशन बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या आधी वर्गात येऊन बसा. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या ठेवल्या होत्या, ताराबाई मोडकांनी इकडं बोर्डी-कोसबाडला पानं, शिंपले, दगड घेऊन बालवाडी चालवली, असं बरंच त्या सांगत होत्या, मी मान डोलवत होते, पण खरं डोक्यात शिरलं ते तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसल्यावर. अर्ध्या वर्गाचे पाय लोंबकळत होते. पाय टेकत नाहीत, मांडीखाली कड रुतते, मुंग्या येतात, मग पोरगं एक पाय दुमडून त्यावर बसतं, पाच मिनिटांनी दुसरा, आणि पुढून आवाज येतो, ए चुळबुळ बंद कर.

३८ पोरांची मापं घेतली, बूट घालून, गुडघ्यामागच्या खळगीपासून फरशीपर्यंत. एकाच वर्गात पावणेबारा इंच ते पंधरा. घरी येऊन नेटवर शोधलं तर युरोपात शाळेच्या फर्निचरला ईएन १७२९ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात ३१० मिमी, ३५०, ३८०, ४३०, ४६० अशा सीटच्या उंच्या दिल्यात. ४६० म्हणजे आप्पांचे १८ इंच, ते जवळजवळ मोठ्या माणसाचं माप. आम्ही तीन साइज केल्या, पायांना तीन रंगांचे रबरी बूच, आणि पाय ठेवायला खाली आडवी पट्टी. मी फार खूश.

आठ दिवसांत शाळेच्या मावशींचा फोन. "ताई, झाडू कुठनं घालू? चार वर्ग हायत माझ्याकडं." पट्टी जमिनीपासून चार इंचावर, तिच्याखालचा कचरा हातानं काढावा लागत होता. पोरांची मापं घेतली, बाईंना विचारलं, आणि जी बाई रोज दोनदा त्या बेंचखाली वाकते तिला कुणी विचारलंच नव्हतं. ६० बेंच परत आणून पट्टी वर आणि मागं घेतली, खर्च आमचा. आता सँपल गेलं की पहिल्यांदा मावशी झाडून बघतात, मग बाकीचे.

कोरोनात शाळा बंद म्हणजे आम्हीही बंद. कॉटच्या ऑर्डरींवर दिवस काढले. शाळा उघडल्या तेव्हा त्याच बाईंचा फोन, अहो, दुसरीतून घरी गेलेली पोरं चौथीत आलीत, गुडघे डेस्कला लागतायत. नवीन घ्यायला शाळेकडंही पैसे नव्हते, मग वर्गावर्गांत अदलाबदल केली, रंगीत बूच तेव्हा खरे कामाला आले.

बाकी छोटी छोटी कामं होत राहिली. क्लासवाल्यांना डावखुऱ्यांसाठी डाव्या पॅडच्या खुर्च्या, एका ऑफिसला व्हीलचेअर आत सरकेल असं टेबल, एका ठिकाणी लोखंडी रॅम्प. तिथं वाद झाला, कारण एकास बाराचा उतार म्हणजे दोन फूट उंचीला चोवीस फूट लांबी लागते आणि त्यांना आठ फुटात बसवून पाहिजे होता. नाही केला. दुसऱ्या कुणीतरी करून दिला असेल.

टेंडरमध्ये आम्ही अजूनही हरतो. तीन साइज म्हणजे तीन जिग, नगामागं दोनशे-अडीचशे जास्त, आणि ऑर्डर सगळ्यात कमी रेटवाला घेतो. तक्रार म्हणून नाही, विचारतात लोक म्हणून लिहिलं.

गेल्या वर्षी त्या हॉस्पिटलची परत इन्क्वायरी आली, जुने बेंच गंजले होते. मी दोन कोटेशन पाठवली, दांड्याचं आणि बिनदांड्याचं, पाच मिनिटं समजावून सांगायची तयारीही केली होती. काही लागलं नाही. बिनदांड्याचं स्वस्त पडत होतं, त्यांनी तेच घेतलं. बसवून झाल्यावर आईला फोटो दाखवला तर चष्मा वर करून बघत म्हणाली, कडेला हात ठेवलेत ना गं, उठायला?