तारांच्या आधारावर

६ जुलै

आज मॉडेल विमानाच्या फ्यूजलाजचे, म्हणजे धडाचे, दोन अर्धे भाग चिकटवले. आतलं सगळं काम आता कायमचं झाकलं गेलं. खुर्ची, कंट्रोल स्टिक, होकायंत्र, उंचीमापक, वेगमापक आणि इंधनाच्या दाबाची तबकडी. पहिल्या महायुद्धातल्या एस.ई.५ए या ब्रिटिश लढाऊ विमानात वैमानिकापुढे याहून फारसं काही नसायचं. १/४८ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात, या तबकड्या ज्वारीच्या दाण्याहून लहान होतात, त्यामुळे त्या भिंगाखालीच रंगवल्या.

जुलैतच हे विमान करायचं, हे गेल्या वर्षापासून मनात होतं. १९१८ साली आजच्याच तारखेला भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी ब्रिटनकडून लढताना फ्रान्सच्या आकाशात पहिलं जर्मन विमान पाडलं. विमान हेच, एस.ई.५ए. वय १९.

८ जुलै

बाहेर संततधार, त्यामुळे आज फक्त सँडपेपर आणि वाचन.

कलकत्त्यात जन्मलेला, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेला हा मुलगा, इंद्रलाल. रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या हवाई शाखेने, आधी दृष्टी कमी म्हणून परत पाठवलं. मग त्याने मोटारसायकल विकून मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि आत शिरला. डिसेंबर १९१७ मध्ये त्याचं विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं होतं, अशी हकिकत सांगतात. बरं होण्याच्या काळात तो काय करत होता? विमानांची चित्रं काढत होता. त्यातली काही दिल्लीच्या वायुसेना संग्रहालयात जपून ठेवली आहेत. मला हा माणूस जवळचा वाटतो तो इथे. ज्या यंत्राने जवळजवळ जीव घेतला होता, त्याच्याच रेषा तो हाताने पुन्हा पुन्हा काढत बसला.

१९१८ च्या ८ जुलैला त्याने चार तासांत तीन विमानं पाडली.

११ जुलै

रंग. पहिल्या महायुद्धातली विमानं करणाऱ्या कुणापुढेही पीसी-१० हे नाव घ्या, चर्चा रात्रीपर्यंत चालते. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला लावायचा हा रंग पिवळी गेरूमाती आणि काजळी यांच्या मिश्रणातून व्हायचा. काजळी किती, कोणता वॉर्निश, ऊन किती लागलं, यावर तो हिरवट खाकी दिसायचा किंवा चक्क चॉकलेटी. त्या काळचे फोटो कृष्णधवल, म्हणून तिथूनही निकाल लागत नाही. मी तपकिरीकडे झुकणारा हिरवा घेतला. कापडाच्या पट्ट्यांवर एक छटा फिकी, इंजिनाच्या पत्र्यावर एक छटा गडद, कारण दोन वेगळ्या पृष्ठभागांवर एकच रंग सारखा दिसणं शक्यच नाही. पंखांची खालची बाजू मात्र नुसत्या डोप (कापड ताणून धरणारा लेप) लावलेल्या लिननची, सायीच्या रंगाची.

हवेत इतका दमटपणा असताना वॉर्निश मारला तर पांढरी झाक धरते. उघडीप मिळेपर्यंत एअरब्रश बंद.

१६ जुलै

रिगिंग, म्हणजे पंखांमधल्या ताणाच्या तारा, सुरू केलं. याच कामासाठी मी एकावर एक अशा दोन पंखांची विमानं करते.

आडवे पंख जोडण्याआधीच हातड्रिलने बारीक भोकं पाडून ठेवली होती. आता एकेक दोरा ओवायचा, टोकाला सुपरग्लूचा थेंब लावायचा, चिमट्याने ताण धरून ठेवायचा. खऱ्या विमानावर गोल तारा नव्हत्या. हवेला अडथळा कमी व्हावा म्हणून त्या चपट्या, भिंगाच्या छेदाच्या असायच्या. म्हणून मीही चपटा लवचीक धागाच वापरते. गोल मासेमारीचा दोरा ओवला की जाणकाराला लगेच खटकतो.

फ्यूजलाजच्या तळातून निघून वरच्या पंखाकडे तिरप्या जाणाऱ्या तारा उडताना ताण घेतात. पंख वर उचलले जात असतात, त्यांना या तारा धरून ठेवतात. उलट दिशेच्या, वरून खाली येणाऱ्या तारा जमिनीवर पंखांचं वजन पेलतात. पुस्तकात मी हे कितीदा वाचलं होतं. पण शेवटच्या दोऱ्याला ताण दिल्यावर डगमगणारा सांगाडा हातात एकदम घट्ट झाला, तेव्हा ते बोटांना कळलं.

पंख कमजोर निघाला तर काय होतं, हे या विमानाने सुरुवातीलाच दाखवलं होतं. त्याचा आराखडा फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत हेन्री फोलंड, जॉन केनवर्दी आणि चाचणी-वैमानिक फ्रँक गुडन यांनी केला. नोव्हेंबर १९१६ मध्ये गुडनने पहिलं नमुना विमान उडवलं. जानेवारी १९१७ मध्ये दुसऱ्या नमुन्याचे पंख हवेत मोडले आणि तो गेला. त्यानंतर पंखांच्या आत प्लायवूडचा आधार वाढवला. पुढे अशी पाच हजारांवर विमानं बनली आणि मजबुतीसाठी नावाजली गेली. माझ्या मॉडेलमध्ये तो आधार दिसत नाही, पण पंख हातात घेताना मला गुडन आठवतोच.

२० जुलै

भाची आली होती. बराच वेळ टक लावून पाहिल्यावर म्हणाली, "मावशी, यांचं पॅराशूट कुठे ठेवायचे?"

"नसायचं गं. दिलंच जायचं नाही."

तिला ते पटेना. खालच्या निरीक्षण-फुग्यांतल्या माणसांना पॅराशूट होतं, आणि लढाऊ विमानातल्या ब्रिटिश वैमानिकांना मात्र नव्हतं. हे ऐकून ती चिडली. मलाही अजून चीड येते. लिनन, लाकूड, पेटता येईल असा डोप, बसणाऱ्याच्या पुढ्यातच इंधनाची टाकी, आणि सुटकेचा एकही मार्ग नाही.

काल संध्याकाळी पंखांवर मळाच्या छटा द्यायला घेतल्या आणि थोडक्यात आवरल्या. इंजिनाच्या धुराड्यामागे काजळी, चाकांवर चिखल, पुरे. हल्ली मॉडेलवर इतका गंज आणि ओरखडे थापतात, की विमान दहा वर्षं उन्हात पडलं होतं असं वाटावं. आघाडीवरचं विमान महिने काढायचं, कधी नुसते आठवडे.

२२ जुलै

१९१८ साली आजच्या दिवशी फ्रान्समधल्या कार्व्हँ गावावर जर्मन फोकर डी-७ विमानांशी झालेल्या झुंजीत इंद्रलाल यांचं विमान पेटलं आणि कोसळलं. तेरा दिवसांत दहा विजय, आणि शेवटच्या विजयानंतर तीन दिवसांनी हे. ४० स्क्वॉड्रनमधला त्यांचा फ्लाइट-प्रमुख जॉर्ज मॅकेलरॉय ३१ जुलैला गेला. त्याच स्क्वॉड्रनमध्ये नावारूपाला आलेला मिक मॅनॉक २६ ला. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवणारे इंद्रलाल हे पहिले भारतीय, पण तो मिळाला मरणोत्तर. फ्रान्समधल्या एस्तवेलच्या दफनभूमीतल्या त्यांच्या थडग्यावर बंगालीत कोरलं आहे, की ही महावीराची समाधी आहे, आदर दाखवा, स्पर्श करू नका. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

२४ जुलै

आता लुईस गन राहिली, विमानाच्या दोन मशीनगनपैकी एक. दुसरी, नाकावरची व्हिकर्स, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांमधून गोळ्या झाडायची, गोळी पात्याला लागू नये यासाठी कॉन्स्टँटिनेस्कूची जुळवणी-यंत्रणा होती. लुईस वरच्या पंखावर, पंख्याच्या कक्षेबाहेर, म्हणून तिला अशा जुळवणीची गरज नव्हती. पण तिचं ९७ गोळ्यांचं डबडं संपलं की वैमानिकाला ती फॉस्टरच्या वाकड्या रुळावरून खाली ओढावी लागायची. एका हातात स्टिक, दुसऱ्या हाताने बोचऱ्या वाऱ्यात जड डबडं काढायचं, नवं चढवायचं, गन परत वर ढकलायची, आणि तेवढ्यात मागे कोण आहे हेही पाहायचं.

किटच्या सूचनांमध्ये गन सरळ, पुढे रोखलेली बसवायला सांगितली आहे. बहुतेकजण तशीच बसवतात, दिसतेही छान. मी ती रुळावर खाली ओढलेली दाखवणार आहे, डबडं काढलेल्या अवस्थेत. काढलेलं डबडं कॉकपिटच्या कडेला. त्यासाठी रुळाचा भाग कापून पितळेच्या बारीक तारेतून नव्याने वाकवावा लागेल. तार सापडली आहे, उद्या पक्कड आणि मेणबत्ती घेऊन बसते.