स्लाइड उघडी राहीना

शेवटची गोळी सुटली की पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे अडकून राहायला हवी. माझ्या 1911 पिस्तुलाची राहीना. चाप ओढावा तर नुसता ‘टक्’, आणि तेव्हा कळायचं की मॅगझीन रिकामं झालंय.

आधी दोष काडतुसांना दिला. मग स्वतःच्या अंगठ्याला. मॅगझीन रिकामं झालं की त्याची स्प्रिंग स्लाइड स्टॉप नावाची कळ वर उचलते आणि ती स्लाइडला अडकवते. पकड उंच असली की अंगठा या स्टॉपवर टेकतो आणि त्याला वर उठू देत नाही, आणि मला ती खोड होतीच. अंगठा खाली घेऊन काही दिवस सराव केला, फरक शून्य. शेवटी चारही मॅगझिनांवर रंगाने आकडे टाकले आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहायला लागलो. तिसऱ्याच दिवशी वहीने उत्तर दिलं: घोळ फक्त 2 आणि 3 नंबरचा होता. सरावाला बसलो की हात आधी त्याच दोघांवर जायचा, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळा भरली-रिकामी झालेली तीच. गंमत म्हणजे 4 नंबर कित्येक महिने भरलेलं कुलपात पडून होतं आणि ते ठणठणीत. भरून ठेवलं की मॅगझिनची स्प्रिंग मरते, असं मीही इतरांना ठासून सांगत आलो होतो. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी सैलावत नाही. तिला थकवतं ते पुन्हा पुन्हा दाबणं आणि सोडणं.

वहीत आणखी एक नोंद होती, तिच्याकडे मी काणाडोळा केला होता. रिकाम्या पुंगळ्या पूर्वी उजवीकडे चार-पाच पावलांवर पडायच्या, आता शेजारच्या नेमबाजाच्या पायाशी जात होत्या. म्हणजे स्लाइड जोरात मागे येत होती. हा दोष मॅगझिनचा नाही, रिकॉइल स्प्रिंगचा, म्हणजे मागे येणाऱ्या स्लाइडला आवरून पुन्हा पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा. दोन दुखणी एकाच वेळी, आणि मी एकच औषध शोधत होतो.

नव्या स्प्रिंगा आल्यावर काम काढलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवली. क्रम हाच, कारण मॅगझीन आत असताना स्लाइड ओढून सोडली की नवं काडतूस थेट नळीत जाऊन बसतं. नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस बसतं तिथे, डोळ्याने पाहिलं, करंगळी घालून चाचपलं, आणि तेच पुन्हा एकदा केलं.

1911 मध्ये रिकॉइल स्प्रिंग नळीखाली असते आणि पुढून एका टोपीसारख्या प्लगने कोंडलेली असते. प्लग आत दाबायचा, बुशिंग, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाभोवतीचं कडं, पाव वळसा फिरवायचं, की तो मोकळा होतो. मोकळा होतो म्हणजे सुटतो! बोट जरा घसरलं आणि प्लग गालाला चाटून छताकडे गेला, तो अर्ध्या तासाने पडद्यामागे सापडला. डोळ्यांवर चष्मा होता तो नंबरचा होता म्हणून, अक्कल होती म्हणून नव्हे. आता जाड काचांचा संरक्षक चष्मा पेटीतच असतो आणि प्लगवर अंगठ्याखाली कापडाची घडी.

जुनी स्प्रिंग नव्या शेजारी टेबलावर आडवी ठेवली. जवळजवळ दीड सेंटिमीटर आखूड. लांबीवर एकदम विसंबू नये; नवी स्प्रिंगसुद्धा पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत थोडी बसते, आणि वेगळ्या बनावटीच्या तारेची जाडी वेगळी असते. पण आखूडपणा आणि लांब उडणाऱ्या पुंगळ्या एकत्र दिसल्यावर शंका उरली नाही. पाच इंची नळीच्या .45 ला मूळ स्प्रिंग 16 पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. हा आकडा स्लाइड पूर्ण मागे असतानाच्या जोराचा असतो.

इथे मी शहाणपणा केला. 16 च्या जोडीला 18.5 पौंडांचीही मागवली होती आणि ‘जास्त जोर तर जास्त टिकाऊ’ म्हणून आधी तीच बसवली. सरावाची हलकी काडतुसं तिला पुरी मागे ढकलेनात. दुसऱ्या मॅगझिनला पुंगळी स्लाइडच्या फटीत धुराड्यासारखी उभी अडकली, मग पुन्हा एकदा. मुकाट्याने 16 ची घातली. कडक स्प्रिंग भारी काडतुसांसाठी असते, आळशी माणसासाठी नाही.

मॅगझिनचं काम नाजूक, आणि मला सगळ्यात आवडलेलं. माझ्या मॅगझिनांचा तळ निघत नाही. फॉलोअर, म्हणजे काडतुसांना वर उचलणारी पट्टी, खाली दाबायची आणि बाजूच्या भोकातून बारीक सुई आरपार घालून स्प्रिंग खालीच रोखायची. मग मॅगझीन उलटं करून हलवलं की फॉलोअर खुळखुळत बाहेर येतो. तोंडावर तळहात ठेवून सुई ओढली की स्प्रिंग तळव्याला धडकते. तिचं वरचं टोक कुठे होतं याचा फोटो आधी काढून ठेवला होता, तो उपयोगी पडला. उलटी बसली तर फॉलोअर तिरका होतो आणि काडतूस नाक खाली घालतं. आतल्या भिंती पुसल्या, तेल अजिबात नाही, कारण तेल धूळ धरून ठेवतं.

फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून ते पेटवणाऱ्या सुईची, स्प्रिंगही त्याच दिवशी बदलली. ती इवलीशी म्हणून दुर्लक्षित राहते. पण पिन अडवणारी वेगळी कळ ज्या 1911 मध्ये नसते, त्यात पिस्तूल तोंडावर पडलं तर पिनला पुढे जाण्यापासून रोखणारी हीच एक. मागून बारीक सळईने दाबलं की पिनचं टोक पुढे डोकावायला हवं आणि सोडताक्षणी आत पळायला हवं. माझी रेंगाळत परतत होती. ती ज्या पोकळीत बसते तीही कोरडी ठेवली.

घोडा रोखून धरणाऱ्या खटक्यामागच्या तीन पाकळ्यांच्या सिअर स्प्रिंगला मात्र हात लावला नाही. पाकळी केसभर चुकीची वाकली तर चाप हलका होतो, आणि कधी स्लाइड पुढे येताना घोडाही तिच्यामागे पडतो. ते आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे दिलं. त्याने तपासून चांगली आहे म्हणून परत केली.

रेंजवर पहिली चाचणी अशी: मॅगझिनमध्ये एकच काडतूस, गोळी मारायची, स्लाइड उघडी राहते का बघायचं. प्रत्येक मॅगझिनने पाच वेळा. मग तेच एका हाताने, पकड मुद्दाम सैल ठेवून, कारण दमलेला हात तसाच धरतो. पहिल्या फेरीत वीसच्या वीस वेळा उघडी राहिली. सैल हाताने एकदा अडखळली, ते 3 नंबरचं मॅगझीन. त्याचे वरचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा, पाहिले तर एक बाजू किंचित फाकलेली. स्प्रिंग नवी असूनही त्याचा काही भरवसा नव्हता. त्यावर फुली मारली.

जुन्या स्प्रिंगा त्याच संध्याकाळी पक्कडने तोडून टाकल्या. पेटीच्या खणात नव्या-जुन्या सारख्याच दिसतात, आणि एकदा मी जुनीच परत बसवायला निघालो होतो. वहीत तारीख घातली आणि समोर गोळ्यांचा आकडा लिहिला: शून्य.