निवड चाचणी आणि बारावीचा पेपर

राज्य मंडळ दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण देते आणि दरवर्षी परीक्षेच्या सुमारास प्रमाणपत्रांच्या प्रती, मुख्याध्यापकांच्या सह्या आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जाणारे प्रस्ताव यांची मोठी धावपळ उडते. नाशिकमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवताना माझे मत असे झाले आहे, की या गुणांनी खेळाडूची खरी अडचण सुटत नाही. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. जो पहिल्याच फेरीत हरतो तो दुसऱ्या दिवशी वर्गात हजर असतो आणि जो जिंकत राहतो त्याचेच तास अधिकाधिक बुडतात. डेरिव्हेटिव्हचा भाग हुकलेल्या विद्यार्थ्याला त्यावर आधारलेले इंटिग्रेशन कळत नाही, आणि वर्षाच्या शेवटी मिळालेल्या गुणांनी ती पोकळी भरत नाही.

हजेरीच्या बाबतीत तर मोठी विसंगती आहे. महाविद्यालयाशी संधान बांधून जेईईसारख्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या इंटिग्रेटेड क्लासला जाणारा विद्यार्थी वर्षभर महाविद्यालयाचे तोंड पाहत नाही आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. मात्र राष्ट्रीय शिबिराहून परतलेल्या मुलीला पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम वाचून दाखवला जातो. जेईईसाठीची अनुपस्थिती अभ्यास ठरते आणि मैदानासाठीची अनुपस्थिती दांडी ठरते.

या ओढाताणीत सर्वांत आधी बळी जातो तो झोपेचा. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असते, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. पहाटे सराव, लगेच शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी पुन्हा सराव आणि रात्री गृहपाठ असा दिवस असला तर ती झोप आणायची कोठून? दुखापत झाली की दोष अपुऱ्या झोपेला नाही, तर बुटांना किंवा ट्रॅकला दिला जातो.

घाई नेमकी कोणत्या खेळात करावी लागते, याचाही विचार पालक फारसा करत नाहीत. बुद्धिबळात ती करावी लागते. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी 2013 मध्ये, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाला, म्हणजे त्याच्या घडणीची महत्त्वाची वर्षे शाळा-महाविद्यालयाच्या वर्षांवरच आली. लांब पल्ल्याच्या धावण्याचे तसे नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांच्या हाती तर सैन्यात गेल्यावर नौकानयनाचे वल्हे आले आणि 2016 मध्ये ते रिओ ऑलिंपिकला पोहोचले. म्हणून चौदा वर्षांच्या धावपटूची शाळा सोडवून त्याला दिवसभर मैदानावर ठेवण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर मला त्यात प्रशिक्षणाचे शास्त्र दिसत नाही, केवळ मोठ्यांची अधीरता दिसते.

शिक्षण चालू असल्यामुळे खेळाचीही एक वाट खुली राहते. नाशिकच्याच संजीवनी जाधवने 2017 मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. या स्पर्धेत विद्यार्थी किंवा नुकतेच पदवीधर झालेले खेळाडूच उतरू शकतात. नियमित महाविद्यालय जमत नसेल त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्याच शहरात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. तरीही त्याचे नाव काढले की पालकांचा चेहरा उतरतो. ‘सर, मुक्त म्हणजे नापास झालेल्यांचं ना?’ हा प्रश्न मला पदकविजेत्यांच्या घरांतही विचारला गेला आहे.

परीक्षेची तारीख हलवणे अशक्य नसते. 2018 मध्ये पंधरा वर्षांच्या अनीश भनवालाने गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक जिंकले. त्या वर्षी तो दहावीत होता आणि सीबीएसईने त्याचे काही पेपर नंतर घेतले. आपल्या राज्य मंडळाचीही पुरवणी परीक्षा दरवर्षी होतेच. मार्चमधील निवड चाचणीमुळे पेपर चुकलेल्या खेळाडूला ती परीक्षा नियमित संधी म्हणून देता यावी आणि गुणपत्रिकेवर पुरवणीचा शेरा नसावा, एवढी सुधारणा मला सवलतीच्या गुणांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

तोवर जे हाती आहे ते करतो. जूनमध्ये खेळाडूंच्या पालकांकडून स्पर्धांचे संभाव्य वेळापत्रक मागवून घेतो आणि त्यांच्यासाठी ज्यांच्यावर पुढचे धडे अवलंबून नाहीत असे भाग, उदाहरणार्थ संभाव्यता, स्पर्धांच्या दिवसांत ठेवतो. बाहेरगावी असतानाही ते स्वतःच्या बळावर वाचता येतात. कॅल्क्युलसचे तास मात्र मुले गावात असतील तेव्हाच घेतो, मग त्यासाठी रविवार द्यावा लागला तरी चालतो.