“बाहेर पण उडतं, साहेब!”

दुकानदाराने खोकं पुढे सरकवलं. आत एकावर एक दोन पंखे असलेलं, रिमोटवर उडणारं ३ चॅनलचं (म्हणजे तीनच हालचाली हातात असलेलं) खेळण्यातलं हेलिकॉप्टर.

उडतं की. वारा नेईल तिकडे! त्याला बाजूला झुकवायची सोयच नसते. त्यात रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा अदृश्य प्रकाशावर चालणारा असला तर उन्हात तो आंधळाच.

मैदानासाठी एकच मुख्य पंखा, ४ चॅनल आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिमोट हवा. डब्ल्यूएलटॉइज कंपनीचं व्ही९११एस त्यातलं स्वस्तातलं. तेही सकाळी, पान हलत नसताना, गवतावर. पडतंय असं दिसलं की थ्रॉटल (पंख्याचा वेग) आधी शून्यावर. पंखा गवतात अडकला आणि मोटर जोर लावत राहिली की मुख्य गिअरचे दात गेलेच.

“हा गिअर सुटा मिळेल?” यावर दुकानदार गप्प.

सुटा गिअरच मिळणार नसेल, तर मग ते खोकं स्वस्त कसं?